१९४० चा 'द थीफ ऑफ बगदाद': एवढा मोठा जिन त्या काळात दाखवला कसा?

जागरण_चालू:
परवा रात्री 'द थीफ ऑफ बगदाद' बघितला, १९४० चा, आणि तो समुद्रकिनाऱ्याचा सीन डोक्यातून जातच नाहीये. जहाज फुटून अबू, म्हणजे तो चोर पोरगा, एकटाच वाहत किनाऱ्याला लागतो, त्याला बाटली सापडते, बूच काढलं की काळा धूर आणि धुरातून डोंगराएवढा जिन, आणि काय ते हसणं! मग अबू म्हणतो की तू एवढा मोठा, या बाटलीत मावलासच कसा, मला नाही पटत, की तो पठ्ठ्या परत आत शिरून दाखवतो. अरबी सुरस कथांमधली कोळ्याचीच गोष्ट ही, फक्त कोळ्याच्या जागी उघडं नागडं बिनधास्त पोरगं आणलंय आणि त्यामुळे तिला वेगळीच मजा आलीये.

आता प्रश्न. कॉम्प्युटर नाही, काही नाही, वर रंगीत सिनेमा, मग हे दोघं एकाच फ्रेममध्ये आणले कसे? आणि दिग्दर्शक म्हणून तीन नावं का येतात? १९२४ चा मूकपटही आहे म्हणे, तो आधी बघायला हवा होता का?

फिल्मची_रीळ:
जिनचं सांगतो, माझा आवडता विषय आहे. साबू (अबू) आणि रेक्स इन्ग्रॅम (जिन) यांना वेगवेगळं शूट केलंय. मागे निळा पडदा. त्या वेळचा टेक्निकलर (रंगीत सिनेमाची तेव्हाची पद्धत) कॅमेरा एकाच वेळी तीन निगेटिव्ह काढायचा, लाल, हिरवी आणि निळी. निळा पडदा निळ्या निगेटिव्हच्या हिशोबाने उजळ आणि लालच्या हिशोबाने काळा, मग या फरकावरून माणसाच्या आकाराचा मॅट (म्हणजे काळा मुखवटा, तेवढा भाग झाकणारा) फिल्मवरच तयार करायचा आणि ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरचं चित्र दुसरीवर उतरवणाऱ्या यंत्रावर, दुसरं चित्र त्यात बसवायचं. आज सगळे निळ्या हिरव्या पडद्यासमोर शूट करतात त्याचं मूळ इथे आहे, रंगीत सिनेमात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे आधी झालेलं नव्हतं. लॉरेन्स बटलर हा त्यामागचा माणूस, त्याला आणि साउंडवाल्या जॅक व्हिटनीला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. एकूण तीन ऑस्कर, बाकीची दोन रंगीत छायाचित्रण आणि कलादिग्दर्शनाची.

नीट बघितलंत तर कडेला निळसर रेघ दिसते कधी कधी. मला ती अजिबात खटकत नाही, कारण जिन पाय उचलून अबूला चिरडायला निघतो तेव्हा नजर त्या पोराच्या चेहऱ्यावरच असते. घाबरलाय पण डोकं चालू आहे, हे साबू नुसत्या डोळ्यांनी दाखवतो. ट्रिक तिथे खरी होते.

मूकपटवेडी:
दिग्दर्शकांचं मी सांगते. पडद्यावर लुडविग बर्गर, मायकेल पॉवेल आणि टिम व्हेलन अशी तीन नावं आहेत पण निर्माता अलेक्झांडर कोर्डा स्वतः, त्याचा भाऊ झोल्तान आणि विल्यम कॅमेरॉन मेंझिस यांनीही काही काही भाग केलाय. सेट तिसऱ्या भावाचे, व्हिन्सेंटचे. काम इंग्लंडमध्ये डेनहॅम स्टुडिओत चालू होतं आणि मध्येच १९३९ चं युद्ध सुरू झालं, पॉवेलला कोर्डाने युद्धाच्या प्रचारपटावर लावलं, मग सगळा बाडबिस्तरा अमेरिकेत नेऊन १९४० मध्ये उरलेलं पुरं केलं. ते लाल कडे आणि खोल दऱ्या दिसतात ना, ते ग्रँड कॅन्यन आहे. इतके हात लागूनही सिनेमा एकसंध वाटतो याचं कारण माझ्या मते रंग आणि संगीत. मिक्लोश रोझाचं संगीत एकदा डोळे मिटून ऐका. तोही याच सिनेमाच्या कामासाठी अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला.

१९२४ चा आधी बघायलाच हवा असं काही नाही, पण बघा नक्की. राओल वॉल्शने दिग्दर्शित केलेला, डग्लस फेअरबँक्स त्यात स्वतः चोर आणि राजकन्याही त्यालाच मिळते. १९४० मध्ये त्या एका माणसाचे दोन केले, प्रेम करायला राजा अहमद आणि उचापती करायला अबू. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. आणि १९२४ चे ते अवाढव्य सेट याच मेंझिसचे आहेत.

जागरण_चालू:
वा, दोघांचेही आभार! अहमद मला जरा फिका वाटला खरं सांगायचं तर, राजा असून सगळं अबूच करतो.

फिल्मची_रीळ:
फिका आहेच, पण म्हणूनच अबू उठून दिसतो. साबूची स्वतःची गोष्ट माहितीये का? म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा, दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टीच्या नजरेत भरला आणि १९३७ च्या 'एलिफंट बॉय' मध्ये थेट मुख्य भूमिकेत. तीन वर्षांत एवढ्या मोठ्या ब्रिटिश सिनेमात पोस्टरवर याचं नाव. पुढे अमेरिकेच्या हवाई दलात विमानाचा गनर म्हणून युद्धातही गेला. १९६३ मध्ये वारला, चाळिशीही गाठली नाही. त्या काळात आपल्याकडच्या पोराला अख्खी गोष्ट खांद्यावर घेऊ दिली, आणि शेवटी त्याला शाळा, मोठं पद सगळं देऊ करतात तर हा गालिच्यावर बसून पसार, याचा मला अजूनही आनंद होतो.

चांदीची_दासी:
जाफरबद्दल, म्हणजे त्या खलनायक जादूगार वजिराबद्दल, कुणीच बोलत नाहीये हे काही बरोबर नाही!! कॉनराड फाइट. १९२० च्या 'डॉक्टर कॅलिगरी' मधला झोपेत चालणारा माणूस तो हाच, नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आलेला. तो राजकन्येकडे बघतो तेव्हा त्यात नुसता दुष्टपणा नाहीये, त्याला ती खरंच हवी आहे, तिने आपणहून हो म्हणावं असं त्याला वाटतंय आणि नेमकं तेच जादूने मिळत नाही. म्हणून तो इतका भीतीदायक. बसऱ्याच्या सुलतानाला खेळण्यांचं वेड, हा त्याला आधी उडता घोडा देऊन राजकन्येचा सौदा करतो आणि मग ती अनेक हातांची चांदीची बाहुली भेट देतो. सुलतान खुश होऊन तिला मिठी मारतो आणि तिच्या हातात खंजीर... मी लहानपणी तिथे उठून दुसऱ्या खोलीत गेले होते. १९९२ च्या कार्टून 'अलादीन' मध्ये जाफर, अबू आणि खेळण्यांत रमणारा सुलतान सगळे आहेत, ते कुठून आले हे हा सिनेमा बघितल्यावर सांगावं लागत नाही.

मूकपटवेडी:
+१. आणि जमलं तर मोठ्या स्क्रीनवर, चांगल्या प्रिंटमध्ये बघा. यूट्यूबवर फिक्या रंगाच्या कॉप्या फिरतात, त्यात बगदादचा तो गुलाबी निळा बाजार धुऊन काढल्यासारखा दिसतो.