शिकाऊ मुलाला विद्यावेतन मिळतं, त्याला शिकवणाऱ्याच्या वेळेचं काय?

धागाकर्ता: शॉपफ्लोअर

चाकणला क्वालिटीत चौदा वर्षं काढली. गेल्या महिन्यातला प्रसंग मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे बीड जिल्ह्यातला एक मुलगा ॲप्रेंटिस म्हणून आला. आयटीआय, फिटर ट्रेड. पहिले दोन महिने त्याला पॅकिंगला लावलं. तिसऱ्या महिन्यात माणूस कमी पडला म्हणून थेट तपासणीच्या टेबलावर बसवलं. १२.८७ चा शाफ्ट त्याने १२.३७ लिहिला. एक नाही, अख्खी पेटी. मायक्रोमीटर (बारीक जाडी मोजायचं साधन) ज्यांनी हाताळलाय त्यांना कळलं असेल: बाहीवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ उघडी पडलेली त्याच्या लक्षात येत नव्हती, म्हणून माप अर्ध्या मिलिमीटरने कमी लिहिलं जायचं. चांगला माल रिजेक्टमध्ये गेला आणि सुपरवायझरने त्याला सगळ्यांसमोर झापलं. चहाच्या सुट्टीत मी त्याच्याजवळ बसलो. दहा मिनिटं लागली. त्यानंतर त्याचं एकही माप चुकलं नाही. मला विचारतो, "सर, हे आधी कुणी का नाही सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकवणं हे कुणाचंच काम म्हणून लिहिलेलं नाही. २०१६ पासूनच्या केंद्राच्या योजनेत सरकार विद्यावेतनाचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, देतं; आधी ते कंपनीला परत मिळायचे, २०२३ पासून थेट मुलाच्या खात्यात जातात. मशीनशेजारी उभं राहून शिकवणाऱ्याच्या वेळेचा त्यात हिशेब नाही. उलट तो शिकवत बसला तर त्याचंच टार्गेट हुकतं.

माझं म्हणणं असं: प्रत्येक शिकाऊ मुलामागे एक माणूस नावानिशी नेमलेला असावा. आठवड्याचे किमान तीन तास त्याच्या टार्गेटमधून वजा व्हावेत आणि त्या तासांचा भत्ता सरकारने द्यावा. पटत नसेल तर मोकळेपणाने सांगा.

भोसरीचा गाळा

नाही पटत. माझ्याकडे नऊ माणसं आणि दोन सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारी मशीनं. ती लावून देणारा सेटर एकच. तो तासभर हलला की एक मशीन उभं राहतं, आणि पार्टी संध्याकाळी माल न्यायला दारात येते. तीन तास कुठून काढू?

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही. मी दोन पोरांना स्वतः प्रोग्रॅम वाचायला, टूल ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) द्यायला शिकवलं, रात्री थांबून. एक सात महिन्यांत दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात गेला. त्याचा राग नाही, त्याच्या घरी गरज होती. पण शिकवण्याचा खर्च माझा आणि फायदा दुसऱ्याचा, हे किती वेळा सोसायचं? भत्ता सरकार देईल म्हणता. पैसे येईपर्यंत हप्ते कोण भरणार?

शॉपफ्लोअर

दादा, तुमची अडचण खरी आहे. पण शिकाऊ घेण्याची सक्ती ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आहे. तुम्ही घेता ते स्वखुशीने. माझा रोख शेकड्याने ॲप्रेंटिस भरून त्यांच्यावर लाइन चालवणाऱ्यांकडे आहे.

भोसरीचा गाळा

मोठ्यांसाठी नियम झाला की तो आमच्यापर्यंत येतोच. मोठ्या कंपनीची माणसं व्हेंडर ऑडिटला, म्हणजे माल पुरवणाऱ्यांच्या तपासणीला, आली की पहिला कागद तोच मागतील.

निदेशक, आयटीआय

थोडी दुरुस्ती. शिकवणं कुणाचंच काम नाही असं नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम ११ पाहा. मालक स्वतः त्या ट्रेडमध्ये पात्र नसेल तर पात्र माणसाच्या देखरेखीखाली प्रशिक्षण झालं पाहिजे, हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. कलम १८ म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. परवानगीशिवाय त्याला ओव्हरटाइमलाही थांबवता येत नाही.

म्हणजे कायदा आहे. तरी तुमचा मुलगा दोन महिने पॅकिंगला होता.

म्हणूनच मी भत्त्याच्या विरोधात आहे. मुलांच्या लॉगबुका माझ्याकडे येतात. बारा महिन्यांच्या नोंदी एकाच दिवशी, एकाच पेनने, एकाच अक्षरात. भत्ता सुरू झाला की मार्गदर्शकाचं नावही त्याच पेनने भरलं जाईल. पैसे द्यायचेच असतील तर मुलाच्या हातात काय आलं ते तपासून द्या. तिसऱ्या महिन्यात बाहेरच्या माणसाने येऊन मुलाला एक जॉब, म्हणजे बनवून दाखवायचा भाग, द्यावा, ड्रॉइंग द्यावं आणि पाहावं. तो जमला तर शिकवणाऱ्याला पैसे, नाही तर नाही.

जुना टर्नर

मी १९७९ साली मशीनवर लागलो. कुणी शेजारी बसवून शिकवलं नाही. उस्ताद टूल घासायचा तेव्हा आम्ही लांबून कोन बघायचो आणि जेवणाच्या सुट्टीत तुटक्या टूलवर करून पाहायचो. त्यातून जी नजर तयार झाली ती तीन तासांच्या तासिकेतून येणार नाही. आजच्या मुलाला सगळं हातात हवं, विचारायची तयारी नाही. बीडच्या त्या मुलाने पहिल्याच दिवशी का नाही विचारलं?

शॉपफ्लोअर

काका, तुम्हाला उस्तादाजवळ उभं राहायला मिळालं. या मुलाला पॅकिंगच्या टेबलावर उभं केलं होतं. तो कुणाचा कोन बघणार? आणि विचारण्याबद्दल: ज्याला आपलं माप चुकतंय हेच माहीत नाही, तो विचारणार काय?

जुना टर्नर

पॅकिंगचं मान्य. त्याला मशीनजवळ ठेवा, हे मी पण म्हणेन. पण नेमलेला माणूस नको. दहा जणांकडून दहा हात शिकावेत. एकाच्या पदरात बांधलं की त्याच्याच चुका उचलतो.

आवक-जावक

कारखान्याबाहेरचंही कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहिते. मी पदवीधर. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून २०२४ मध्ये एका सरकारी कार्यालयात लागले. महिना १०,००० रुपये. बारावीवाल्यांना ६,०००, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,०००.

पहिले पाच आठवडे झेरॉक्स आणि टपाल. मग एका कारकून मॅडमनी आपणहून बोलावलं. फेरफार नोंद कशी वाचायची, अर्जाला कोणते कागद लागतात, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं, सगळं त्यांनी दाखवलं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पैसेही नव्हते. त्यांच्या टेबलावरच्या फायली मात्र रोज उशिरापर्यंत राहायच्या, हे मी पाहिलंय. त्यामुळे वेळ वजा करा हे धागाकर्त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

पण एक विचारते. आमची मुदत सहा महिन्यांवरून अकरा महिने केली. अकरा महिने संपले. आता मी घरी आहे. मॅडमनी शिकवलेलं वापरू कुठे? मार्गदर्शक कोण, भत्ता किती, यावर इतकं बोलणं झालं आणि पुढच्या नोकरीचं कुणीच काढलं नाही.

श्टुटगार्टहून

इथे जर्मनीत मी रोज पाहतो ते सांगतो. कंपनीत प्रशिक्षण देणाऱ्याला स्वतःची परीक्षा द्यावी लागते: शिकवायचं कसं, मुलाचं मूल्यमापन कसं करायचं. त्याचा पाया १९६९ च्या कायद्यात आहे. मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत आणि बाकीचे कंपनीत असतो. अंतिम परीक्षा कंपनी घेत नाही, बहुतेक धंद्यांत उद्योगांचं किंवा कारागिरांचं चेंबर घेतं. निदेशक म्हणतात तो बाहेरचा माणूस इथे आहे.

तरीही ही पद्धत उचलून भोसरीत ठेवा असं मी म्हणणार नाही. इथला मालक दोन ते साडेतीन वर्षांचा करार करतो, त्या काळात मुलगा कामाचाही होतो. सहा-अकरा महिन्यांत मालकाला काय परत मिळणार?

शॉपफ्लोअर

आवक-जावक ताई, तुमचा प्रश्न मी टाळला होता, कबूल करतो. माझ्या कंपनीतही ॲप्रेंटिसला कायम करायचं बंधन नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवायचं असतं. आमचं धोरण काय हे मी एचआरला विचारलं तर "बघून सांगतो" म्हणाले. उद्या पुन्हा विचारतो आणि इथे लिहितो.

निदेशक सर, तिसऱ्या महिन्याच्या जॉबची कल्पना भत्त्यापेक्षा बरी आहे. मी माझी मागणी बदलतो. तीन तास मात्र सोडत नाही.

भोसरीचा गाळा

तीन तास मी देऊ शकत नाही, आजही तेच सांगतो. शनिवारी मशीन पुसायच्या वेळी अर्धा तास मिळतो, तेवढा देईन. सोमवारी नवीन मुलगा येतोय, जालन्याचा. निदेशक सर, त्याला पहिल्या शनिवारी काय दाखवू?

निदेशक, आयटीआय

मायक्रोमीटर द्या हातात. आधी शून्य तपासायला लावा. मग एकच पिन दहा वेळा मोजायला सांगा आणि दहाही आकडे लिहून घ्या. तुम्ही काही बोलू नका, आकडे वेगळे का आले ते तोच सांगेल.