उतरता उतरता विमान परत वर! रनवेवर दुसरं विमान होतं तर आम्हाला एवढं खाली येऊच का दिलं?

कसबाबावडेकर:
मंडळी, विमानातलं कळणारं कोणी असेल तर जरा सांगा. मागच्या आठवड्यात आईला घेऊन कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं गेलतो, आईचा पहिलाच विमानप्रवास, नवी टर्मिनल बिल्डिंग बघून खूश होती, सगळं मस्त चाललं होतं. उतरताना (कुठलं शहर ते राहू दे) चाकं बाहेर आलेली, खाली गच्चीवरच्या काळ्या टाक्या मोजता येतील एवढं खाली आलो आणि एकदम इंजिनचा आवाज वाढला, पाठ सीटला चिकटली आणि विमान परत वर. आईनं माझा हात असा आवळला की तिच्या बांगडीचा वळ उठला. वर गेल्यावर बऱ्याच वेळानं पायलट बोलला की पुढचं विमान रनवेवरनं वेळेत बाहेर पडलं नाही म्हणून टॉवरनं परत वर जायला सांगितलं, काळजी नसावी. काळजी कशी नसावी? रेल्वेचं फाटक पडल्याशिवाय गाडीला सिग्नल देत नाहीत, मग इथं पुढचं विमान रनवेवर असताना आम्हाला खाली सोडलंच कसं? चूक कोणाची, टॉवरची का पायलटची?

पंचगंगा_घाट:
कंट्रोलर चहा प्यायला गेला असंल, दुसरं काय 😀 आपल्या सीबीएसला (सेंट्रल बस स्टँड) एका फलाटावर दोन गाड्या लावतात तसंच.

टॉवरवरचा_म्हातारा:
पंचगंगा घाट, चहा खिडकीशी उभं राहूनच प्यायचा असतो, आणि तो गारच होतो. 🙂

बावडेकर, मी वेगवेगळ्या गावी पंचवीसेक वर्षं टॉवरवर काढली, आता रिटायर होऊन इथं आपल्या गावात आहे, म्हणून जरा लांबण लावतो. फाटकाचं उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत, नियम खरंच तसाच आहे, रनवेवर एका वेळी एकच. फरक एवढाच की रेल्वे सिग्नलला थांबते, विमान हवेत थांबत नाही. म्हणून "खाली या" आणि "उतरा" या दोन वेगळ्या परवानग्या असतात. पुढचा अजून रनवेवर असला तर मागच्याला आम्ही म्हणतो "कंटिन्यू अप्रोच", म्हणजे येत राहा, पण उतरायची परवानगी अजून दिलेली नाही. पुढचा बाहेर पडला की "क्लिअर्ड टू लँड". नाही पडला तर "गो अराउंड", म्हणजे न उतरता परत वर जा. तुम्हाला बहुतेक उतरायची परवानगी मिळालीच नव्हती, आणि मिळालेली असली तरी ती शेवटच्या क्षणी काढून घेता येते.

आता एवढं जवळ का येऊ देतात. एअरबससारखं विमान शेवटच्या टप्प्यात साधारण ताशी अडीचशे किलोमीटरनं येतं, म्हणजे पुढच्यापासून साडेसात किलोमीटर मागं असलं तरी ते अंतर पावणेदोन मिनिटांत कापतं. मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे काम एका वेळी एकावरच, आणि तासाला चाळीसच्या वर विमानं चढतात-उतरतात. हिशोब करा, एकेकाला दीड मिनिटसुद्धा येत नाही. पुढच्याचं वळण चुकलं, पुढच्या फाट्यावरनं बाहेर पडतो म्हणाला, की गेली वीस सेकंदं. मग मागच्याला वर पाठवणं हेच बरोबर. त्यात चूक कोणाचीच नाही, उलट काम बरोबर झालं म्हणून तुम्ही वर गेलात. आम्हाला भीती गो अराउंडची कधीच वाटली नाही, भीती वाटायची ती "मला वाटलं" या दोन शब्दांची.

१९७७ मध्ये २७ मार्चला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. एका विमानाला वाटलं उडायची परवानगी मिळाली, दुसरं अजून रनवेवरच होतं आणि तसं रेडिओवर सांगतही होतं, पण त्याच सेकंदाला टॉवरही बोलत होता, दोघांचे आवाज एकमेकांत अडकून नुसती शिट्टी ऐकू आली. तेव्हापासनं "टेक-ऑफ" हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करताना, तेवढ्यालाच वापरायचा, एरवी "डिपार्चर" म्हणायचं. आणि रनवेबद्दल काहीही सांगितलं की पायलटनं ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचं, नुसतं "रॉजर" (म्हणजे ऐकलं) चालत नाही.

शाहूपुरी_बॉय:
सर एक शंका, मी एरोनॉटिकलला आहे. आता रडार असतं, स्क्रीनवर सगळं दिसतं, अलार्म वाजतो, मग अजून माणसाच्या बोलण्यावर का चालतंय?

टॉवरवरचा_म्हातारा:
टोकियोच्या हानेडा विमानतळाचा अपघात वाच बाळा, २ जानेवारी २०२४. तटरक्षक दलाचं छोटं विमान भूकंपाची मदत घेऊन निघालेलं, त्याला टॉवरनं सांगितलं "नंबर वन, होल्डिंग पॉइंटपर्यंत या". म्हणजे रांगेत तुमचा पहिला नंबर, रनवेच्या अलीकडे थांबा. त्यांनी ते बरोबर म्हणूनही दाखवलं. तरी थेट रनवेवर जाऊन उभे राहिले, चाळीसेक सेकंद, आणि मागनं मोठं एअरबस उतरलं. एअरबसमधले सगळे ३७९ जण बाहेर पडले, छोट्यातल्या सहांपैकी पाच गेले. टॉवरच्या स्क्रीनवर इशारा आला होता, कंट्रोलरच्या लक्षात आला नाही. रनवेच्या तोंडाशी लाल दिव्यांची जी पट्टी असते, स्टॉप बार, ती तिथं त्या दिवसांत बंद होती. यंत्र पाहिजेच, मी नको म्हणत नाही. पण मान खिडकीकडे वळवल्याशिवाय परवानगी द्यायची नाही हे मला माझ्या सीनियरनं शिकवलं, आणि माझ्या हाताखालच्या पोरांना मी.

गोकुळ_शिरगावचा:
मी सात वर्षं एका विमानतळावर जीप चालवली (आपलं न्हवं, लांबचं), त्यामुळं खालची बाजू मी सांगतो. रनवे तपासायला रोज जावं लागतंय, दगड, खिळा, मेलेला पक्षी, पावसाळ्यात तर बेडकं आणि त्यांच्या मागनं बगळे, लई ताप. आत घुसायच्या आधी गाडी पिवळ्या रेघांच्या अलीकडं थांबवायची, वॉकीटॉकीवर टॉवरला विचारायचं, त्यानं हो म्हटलं की ते परत बोलून दाखवायचं, मग आत. तिकडं टॉवरवाला आपल्या समोरच्या बोर्डवर रनवेच्या खान्यात लाल पट्टी ठेवतोय, रनवे अडलाय म्हणून, आणि ती पट्टी दिसत्या तोवर कोणालाच उडायची-उतरायची परवानगी नाही. बाहेर आलो की "रनवे व्हेकेटेड" म्हणायचं. एकदा मी बाहेर आलो आणि सांगायचंच विसरलो, तर टॉवरवाल्यानं मला तीन हाका मारल्या, मी सेट खाली ठेवून टायर बघत होतो. तोवर एका विमानाला दोन घिरट्या घालाय लागल्या. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर झाडला.

आणि जीप रनवेवर राहिली तर काय होतंय ते पुण्याला बघा की, १५ फेब्रुवारी २०२०. विमान उडायला पळत सुटलेलं आणि पुढं जीप आणि माणूस. पायलटनं लवकर नाक उचललं, शेपूट रनवेला घासलं, पण दिल्लीला नीट उतरलं. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप नाही.

टॉवरवरचा_म्हातारा:
शिरगावकर, तुमचा वॉकीटॉकी पायलटच्याच फ्रिक्वेन्सीवर होता का वेगळा?

गोकुळ_शिरगावचा:
वेगळा हो. आमचं बोलणं फक्त टॉवरला, पायलटला काय ऐकू येत न्हवतं.

टॉवरवरचा_म्हातारा:
तेच माझं दुखणं. रनवेवर जो जो जाणार, विमान असो नाहीतर गवत कापायचा ट्रॅक्टर, सगळ्यांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलावं. म्हणजे उतरणाऱ्या पायलटलाही कळतं की खाली जीप आहे, आणि कंट्रोलर विसरला तरी तो विचारतो. मी हे प्रत्येक मीटिंगला बोललो, लोक जांभया द्यायचे.

पंचगंगा_घाट:
चहाचे शब्द मागे घेतो काका 🙏

कसबाबावडेकर:
सगळ्यांचे आभार. आईला पूर्ण वाचून दाखवलं. तिला बेडकांचा भाग आवडला, बाकी म्हणाली "मग तसं आधी सांगायचं की त्यानं माईकवर". परतीचं तिकीट बुधवारचं आहे. आता ती विचारत्या की आपल्या रनवेवर ०७ आणि २५ कशाला लिहिलंय, एकच तर रनवे.

टॉवरवरचा_म्हातारा:
होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य काढून. एका टोकानं निघालात तर नाक साधारण ७० अंशांवर, उलट आलात तर २५०. वाऱ्याला तोंड करून उतरायचं, म्हणून पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की २५. आणि माईकवर उशिरा का बोलतात ते आईंना सांगा, गो अराउंडच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत पायलटचे दोन्ही हात आणि दोन्ही कान गुंतलेले असतात, प्रवाशांचा नंबर शेवटचा.