मराठी शुद्धलेखन तपासनीस मुक्त करायचाय, लायसन्स कोणतं लावू?

अनुस्वार: दोन वर्षं रविवारी बसून मराठी शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर लिहिलंय. कोड पायथॉनमध्ये, सोबत शब्दांची मोठी यादी आणि मुक्ता फाँट. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकलं, पण लायसन्सची फाइल टाकली नाही. काल एका शिक्षिकेनं विचारलं, "शाळेच्या संगणकांवर टाकलं तर चालेल ना?" मला उत्तर देता येईना. शाळांनी, प्रकाशकांनी खुशाल फुकट वापरावं, पण कुणी त्यात सुधारणा केली तर ती सगळ्यांना मिळावी एवढीच इच्छा आहे. एमआयटी लायसन्स लावू की जीपीएल?

रिकामी_ओळ: बाईंनी अगदी नेमकं विचारलंय. लायसन्स नसेल तर सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात. कोड लोकांना दिसतो, पण वापरायची मुभा मिळत नाही.

एमआयटीत तुमचं नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवला की कुणीही कोड झाकून ठेवून विकू शकतो, म्हणजे तुमची अट तिथेच मोडते. जीपीएलमध्ये प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना सोर्स, म्हणजे मूळ कोडही द्यावा लागतो. पण कुणी तो बदलून स्वतःच्या सर्व्हरवर चालवला आणि लोकांनी ब्राउझरमधून वापरला, तर प्रत कुणाला दिलीच नाही, म्हणून सोर्स द्यायचं बंधनही नाही. शुद्धलेखन तपासणी नेमकी अशीच वापरली जाते. ही फट २००७ च्या एजीपीएल ३ या लायसन्सनं बुजवलीय. माझं मत एजीपीएललाच.

सह्यकडा: एजीपीएल दिसलं की बऱ्याच कंपन्या हात लावत नाहीत, हेही लक्षात घ्या. एमपीएल २.० हे लायसन्स म्हणजे मधला मार्ग: तुमच्या फाइलींमधले बदल खुले राहतात, बाकीचा कोड ज्याचा त्याचा. लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. आणि शब्दयादी कुठून आणलीत?

अनुस्वार: बरेच शब्द मी वेचलेत, काही अर्थांसह विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशातून.

सह्यकडा: मग यादी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तिला विक्शनरीचंच सीसी बाय-एसए लायसन्स (नाव द्या, बदल त्याच अटींवर वाटा) लावा आणि विक्शनरीचा उल्लेख करा. मुक्ता ओएफएल या फाँटसाठीच्या मुक्त लायसन्सखाली आहे, सोबत देता येतो. फक्त त्याची लायसन्स फाइल काढू नका.

टिंबरेघ: नोकरीचा करार आधी वाचा, कळकळीनं सांगतेय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं असतं. माझं एक टूल ऑफिसच्या वेळात लिहिलेलं निघालं आणि मला ते उतरवावं लागलं. बाहेरच्या कुणाचा कोड घेतला असेल तर त्यांनाही आत्ताच विचारा, पुढे माणसं सापडत नाहीत.

अनुस्वार: लॅपटॉप माझा, वेळ माझा, करारही वाचला. दोघांनी पाठवलेले पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) घेतले होते, दोघांचाही होकार आला. कोडला एजीपीएल, यादीला बाय-एसए लावलंय. बाईंना आत्ताच कळवतो, बिनधास्त टाका म्हणून.