एक छायाचित्र आणि त्याच्या चौकटीबाहेरचे सारे काही

निमंत्रण

छंद म्हणून छायाचित्रे काढणाऱ्या आपल्यासारख्यांकडे मोबाइलमध्ये, जुन्या अल्बममध्ये आणि हार्डडिस्कवर हजारो चित्रे साठलेली असतात आणि त्यांतली बहुतेक आपण पुन्हा उघडूनही पाहत नाही. तरी प्रत्येकाजवळ एखादे असे चित्र असतेच, की ते समोर आले की त्या वेळचे ऊन, वास, आवाज आणि आजूबाजूची माणसे सारे आठवते. दुसऱ्या कोणाला मात्र त्यातले काही दिसत नाही, कारण ते चौकटीत आलेलेच नसते. या अनुभव धाग्यासाठी प्रत्येकाने रोजच्या पाहण्यातले किंवा प्रवासातले असे एकच छायाचित्र निवडावे आणि त्यात जे आले नाही ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कॅमेरा कोणता होता हे प्रसंगाशी संबंध असेल तरच सांगावे.

निमित्त १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाचे आहे. १८३९ मध्ये याच दिवशी फ्रान्सच्या दागेर यांची छायाचित्र काढण्याची पद्धत पॅरिसमध्ये जाहीरपणे उलगडून सांगण्यात आली आणि पुढच्या १५ वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण ते या सोसायटीचे सभासद होते आणि त्यांनी मुंबईतल्या नाना समाजांच्या माणसांची चित्रे काढली. आपला छंद आपल्याकडे इतका जुना आहे. मला हळहळ एवढीच वाटते, की त्या काळच्या अशा चित्रांखाली जात किंवा धंदा लिहिलेला सापडतो, माणसाचे नाव सहसा सापडत नाही. म्हणून आणखी एक विनंती आहे. आपल्या चित्रातल्या माणसांची नावे त्यांना विचारून आपल्या वहीत जरूर नोंदवावीत, परंतु येथे लिहू नयेत.

निमंत्रक, पुणे

सुरुवात मीच करतो. पुण्याचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडच्या वाटेला लागते तेव्हा दिवे घाटाची वळणे माणसांनी भरून जातात आणि ते दृश्य टिपण्यासाठी वरच्या अंगाला कॅमेरे घेऊन आलेल्यांची दाटी होते. तसे चित्र माझ्याकडेही आहे आणि मला ते प्रिय आहे. तरीही निवडायचे झाल्यास मी त्याच दिवशी खाली रस्त्यावर काढलेले चित्र निवडीन. त्यात दोन माणसांचे हात, एक वीणा आणि पावसाने भिजून मनगटाला चिकटलेली सदऱ्याची बाही एवढेच दिसते.

दिंडीतली वीणा विसाव्यालाही जमिनीवर टेकवत नाहीत. विणेकरी थकला की दुसरा वारकरी पुढे होतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मी पाहिलेल्या त्या अदलाबदलीत पहिल्या बाबांचे बोट तारेवरून निघण्याआधीच दुसऱ्यांचे बोट तारेवर आले होते, त्यामुळे सूर क्षणभरही थांबला नाही. "माउली, फोटो घेऊ का?" असे मी आधीच विचारून ठेवले होते. "घ्या की माउली, पण थांबा म्हणू नका, दिंडी पुढं जाईल," असे उत्तर मिळाले, म्हणून मी कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्यांच्यापुढे उलटा चालत राहिलो.

चौकटीबाहेर राहिले ते असे. वीणा उतरवून मोकळे झालेल्या त्या बाबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून फोन काढला आणि मराठवाड्यातल्या आपल्या गावी लावला. त्यांच्याकडे पेरणी झाली होती आणि नंतर पावसाने ओढ दिली होती. तिकडून काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, परंतु बाबांनी फोन कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि टाळ हातात घेऊन ते रांगेत मिसळले. घाटात तेव्हा चांगला पाऊस चालू होता. त्यांच्या शिवारात तो पडला होता की नाही, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

खासगी कार्यालयातील कर्मचारी, डोंबिवली

माझे चित्र मोबाइलवर काढलेले आहे. संध्याकाळची कल्याणला जाणारी जलद लोकल, महिलांचा डबा, मांडीवर पसरलेले वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी आणि निवडणारे दोन हात असे ते चित्र आहे. डाव्या हातात हिरवा चुडा आहे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला मेथीचा हिरवा डाग पडला आहे. मेथी निवडणाऱ्या ताईंची आणि माझी ओळख गाडीतलीच. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "घे ग, पण चेहरा नको, हातांचाच घे."

जलद लोकल तेव्हा ठाण्यानंतर खाडीपुलावरून पारसिकच्या बोगद्यात शिरत असे. पुलावर दारातून तिरपे ऊन आत येई आणि थोड्याच वेळात डब्यात अंधार होई, त्यामुळे त्या उजेडात चित्र घ्यायचे तर फारसा अवधी नसे. ऊन नेमके मेथीवर आले आणि मी चित्र घेतले. त्यात न आलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. शेजारी चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेल्या आजी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होत्या, टिकल्या आणि क्लिपा विकणारी मुलगी गर्दीतून वाट काढत होती आणि समोरच्या दोघी कोवळ्या काड्या टाकायच्या की ठेवायच्या यावर तावातावाने बोलत होत्या. ताई कल्याणला उतरून पुढची आसनगाव गाडी पकडत. घरी पोहोचल्यावर भाजी निवडत बसण्याइतका वेळ त्यांना कधीच नसे, निवडलेली मेथी थेट कढईत पडे. "लोकलमधली गंमत" म्हणून हे चित्र पुढे पाठवणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण मला त्यात गंमत दिसत नाही. तो त्या बाईच्या कामाच्या दिवसाचा एक भाग आहे.

निवृत्त शिक्षक, चिपळूण

आमच्या तरुणपणी हाती असलेला कॅमेरा म्हणजे आगफा क्लिक थ्री. १२० या आकाराच्या फिल्मच्या रोलवर १२ चित्रे निघत आणि रोल संपेपर्यंत काय आले ते कळत नसे. सुमारे १० फुटांपेक्षा जवळचे काहीही त्यात धूसर येई, त्यामुळे माणसाचे चित्र काढायचे तर मागे सरकावे लागे आणि मागे सरकले की भोवतालचे जगही चित्रात येई. आजचे कॅमेरे फार गुणी आहेत, पण त्या मर्यादेने आमच्याकडून चांगले काम करून घेतले, असे माझे ठाम मत आहे.

१९७० च्या दशकातले माझे चित्र कुंभार्ली घाटातले आहे. कराडहून चिपळूणला येणारी एसटी तापून थांबली आहे, खाकी गणवेशातले चालक बंपरवर पाय देऊन डब्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतत आहेत आणि वाहक तिकिटांची पेटी काखेत धरून वाफेकडे पाहत आहेत. एसटीची पहिली गाडी १९४८ मध्ये पुणे-नगर रस्त्यावर धावली. हे चालक त्यानंतर थोड्याच वर्षांत सेवेत आले होते आणि घाटातले पाण्याचे झरे त्यांना तोंडपाठ होते. चित्रात खिडकीशी एक पदर तेवढा दिसतो. तो माझ्या पत्नीचा. बाळंतपणानंतर ती लेकीला घेऊन माहेराहून प्रथमच घरी येत होती आणि मी बाळाचे चित्र काढायचे सोडून गाडीचे का काढले, असे तिने पुढे अनेकदा विचारले. बाळ १० फुटांच्या आतच होते, हे त्याचे खरे उत्तर आहे.

वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा

कासच्या पठारावर बहुतेकांचे लक्ष सोनकीच्या आणि तेरड्याच्या गालिच्यांकडे असते. माझे चित्र सीतेच्या आसवांचे आहे. ही जांभळट निळी फुले नखाएवढी असतात आणि ओल्या मातीत दडलेल्या सूक्ष्म पिशव्यांनी ती वनस्पती बारीक जीव पकडून आपली गरज भागवते. मी पायवाटेवर पालथी झोपून, हात लांब न करता, वाटेच्या कडेला उगवलेलेच फूल टिपले. चौकटीच्या बाहेर, हातभर अंतरावर, गालिच्यात बसून छबी काढून घेतलेल्यांच्या पावलांनी दबलेला तुकडा होता. खडकावरचा मातीचा थर तिथे अगदी पातळ आहे, ही एवढी गोष्ट प्रत्येक भेट देणाऱ्याला ठाऊक असायला हवी.

संगणक अभियंता, बंगळुरू

हिवाळ्यात वाराणसीला पहाटे नावेतून निघाले, की पाण्यावर उतरलेल्या पाहुण्या कुरव पक्ष्यांना शेव टाकून जवळ बोलावतात आणि प्रत्येक नावेतून तेच चित्र निघते. मीही ते काढले. माझे निवडलेले चित्र मात्र अहल्याघाटावरचे आहे. धुक्यात एक आजोबा धोतर पिळत आहेत आणि त्यांच्या मागे अर्ध्या पायऱ्या धुक्याने पुसल्या आहेत. काशीविश्वनाथाचे देऊळ पुन्हा उभारणाऱ्या अहल्याबाईंचे नाव त्या घाटाला आहे, म्हणून मी तिथे उतरलो होतो. मणिकर्णिकेसमोरून नाव जाताना कॅमेरा पिशवीत ठेवला होता. चितेपाशी उभ्या असलेल्या कुटुंबाच्या दुःखावर माझ्या छंदाचा काही हक्क पोहोचत नाही, असे मी मानतो.

प्राध्यापिका, सोलापूर

पळसदेव हे माझ्या आईचे माहेर. भीमेवर उजनीचे धरण झाले, जुने गाव पाण्याखाली गेले आणि माणसे पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या नव्या गावात आली. उन्हाळ्यात पाणी पुरेसे उतरले की जुन्या गावातले पळसनाथाचे देऊळ उघडे पडते आणि ते पाहायला लांबून लोक येतात. अशा एका उन्हाळ्यात मी आईला तिथे नेले.

चित्रात आई देवळाकडे पाठ करून उभी आहे आणि मिटलेल्या छत्रीने समोर काहीतरी दाखवते आहे. समोर भेगाळलेला गाळ, शिंपले, मासेमाऱ्यांनी वाळत घातलेले जाळे आणि पलीकडे पाणी आहे. दुपारचे टळटळीत ऊन होते, सावल्या काळ्याकुट्ट पडल्या आहेत आणि छायाचित्रणाच्या वर्गात या चित्राला कोणी चांगले म्हणणार नाही. आई एवढ्या सुंदर देवळाकडे का पाहत नाही, असे मला अनेकांनी विचारले आहे.

देवळाला तिने आल्या आल्या हात जोडले होते. नंतर ती देवळाच्या दारापासून पावले टाकत, तोंडाने पुटपुटत निघाली. "हितं चावडी. हितनं डावीकडं वळायचं. हितं आपला लिंब, त्येच्याखाली आप्पा बसायचे." मला तिथे गाळाशिवाय काही दिसत नव्हते. ती पाण्याच्या काठाशी थांबली, कारण घराची जागा अजून आतच होती, आणि तिने छत्री उचलून ती जागा दाखवली. चित्र त्या वेळचे आहे. परत आल्यावर मी तिला समोर बसवून एका कागदावर गावाचा नकाशा काढून घेतला. वेस, आड, शाळा, कोणाचे घर कोणाला लागून, हे सारे तिने न अडखळता सांगितले आणि एका ठिकाणी मामाशी फोनवर वाद घालून एका घराची दिशा दुरुस्तही केली. तो नकाशा मी छायाचित्राच्या मागे चिकटवला आहे. ज्यांची आजोळे कोणत्याही धरणाखाली आहेत त्यांनी आईवडील आहेत तोवर असा नकाशा काढून घ्यावा, हे मी कळकळीने सांगते.

महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

आमच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर पेल्यात थेट धार काढून धारोष्ण दूध देतात. मला त्या फेसाचे चित्र हवे होते. पिवळ्या दिव्याचा उजेड फारच कमी होता, म्हणून भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ३२०० वर नेली. फेस पेल्याच्या काठावरून ओघळतो आहे आणि धार काढणाऱ्या काकांच्या बोटांवर त्याचे थेंब आहेत, असे चित्र मिळाले.

त्याची प्रत घेऊन गेलो तर काकांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, "माझ्या हाताचा कशाला काढलास रं? हिचा काढ. घर हिच्यावर चालतंय." मग त्यांनी मला दिवाळीच्या पाडव्याला बोलावले. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशींना धुऊन, शिंगे रंगवून, मोरपिसे आणि कवड्यांच्या माळा बांधून मिरवतात आणि मालकाच्या हाकेसरशी म्हैस त्याच्या मोटारसायकलमागे धावत सुटते. शटर १/३० सेकंदावर ठेवून मी धावत्या म्हशीबरोबर कॅमेरा फिरवत नेला, त्यामुळे मागची गर्दी रंगांच्या पट्ट्यांसारखी उमटली आणि म्हशीचा डोळा मात्र स्वच्छ आला. ती मोठी प्रत काकांनी गोठ्याच्या दारावर लावली आहे. हाताचे पहिले चित्र काकूंनी घरात ठेवून घेतले आणि यंदाच्या पाडव्याला नव्या रेडकूचेही काढायचे असे मला बजावले आहे.