घाटासाठी हेडर (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच): ४-१ की ४-२-१?

धारणीवाला: १.२ लिटर पेट्रोल, ४ सिलिंडर. परतवाडा-धारणी घाटात भरली गाडी तिसऱ्या गिअरवर दम टाकते. कोणता हेडर घेऊ भाऊ?

आर्वीकर: ४-२-१च घ्या जी, यात चार नळ्यांच्या आधी दोन अन् मग एक होते; ४-१मध्ये चारही एकदम एकात. ४-१चा फायदा वरच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना), तुमचं काम २ ते ४ हजारांत. नळ्या सारख्या लांबीच्या, व्यास दीड इंचाच्या आत. जाड नळीत गॅसचा वेग पडते अन् खालचा टॉर्क (ओढ) जाते. पण आधी बॉनेट उघडून पाहा. काही इंजिनांत मॅनिफोल्ड (कंपनीचा धूर-नळ्यांचा जोड) हेडमध्येच (इंजिनच्या वरच्या भागातच) ओतलेला राह्यते, तिथं हेडर बसतच नाही.

वरुडकर: फ्लँजवर (हेडरची इंजिनला बसणारी सपाट कड) सरळ पट्टी ठेवून पाहा, उजेड दिसला तर घेऊ नका. गॅस्केट (सांध्यातली सीलपट्टी) नवीच. नट मधातून बाहेरच्या बाजूनं टॉर्क रेंचनं (ठराविक जोरानं कसणारा पाना) कसा. एकदा तापून थंड झालं की पुन्हा तपासा. ऑक्सिजन सेन्सरआधी फट राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, समजून पेट्रोल वाढवते. गार इंजिनवर टिकटिक अन् तापल्यावर बंद, म्हणजे फटच.

आर्वीकर: कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढू नका, पीयूसी अडकते. अन् खर्चाआधी एअर फिल्टर काढून पाहा, धुळीनं भरला असेल तर चढावर असंच होते.