अनुभव धागा : बीपीच्या तपासण्या आणि पोटातला गोळा

गच्चीवरची_तुळस :
परवा सकाळी इथे इंदूरात आमच्या राजेंद्रनगरच्या बागेत मोफत बीपी तपासायचं टेबल लागलं होतं. फिरायला येणारी सगळी मंडळी रांगेत. एक गृहस्थ, रोज आमच्या दुप्पट चकरा मारणारे, नंबर आला तसे खुर्चीपर्यंत गेले आणि "मेरा तो नॉर्मल ही रहता है" म्हणत परत फिरले. चेहरा असा की मला ओळखीचा वाटला. मी स्वतः अगदी तशीच दिसत असणार त्या वर्षी.

तेव्हा डोकं दुखायचं म्हणून डॉक्टरांकडे गेले होते. बीपी १६४/१०२. डॉक्टर म्हणाले, "घाबरायचं काही नाही, या एवढ्या तपासण्या करून घ्या." एका दमात दोन्ही! चिठ्ठीवर किडनीसाठी क्रिएटिनीन, पोटॅशियम, कोलेस्टेरॉल, उपाशीपोटी साखर, लघवी, ईसीजी, आणि खाली "डोळ्यांचा पडदा". बीपी दंडावर मोजलं, मग किडनी कशाला नि डोळे कशाला? मला वाटलं यांना काहीतरी दिसलंय आणि सांगत नाहीयेत.

खरी गोष्ट वेगळीच होती. माझ्या बाबांना बीपीनेच अर्धांगवायू झाला होता. ते शेवटपर्यंत अंथरुणात होते आणि त्यांचं सगळं करताना आईला मी पाहिलंय. त्यामुळे ती चिठ्ठी हातात घेतली की मला लॅब दिसायचीच नाही, बाबांची खाट दिसायची. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी रक्त घेणारी मुलगी म्हणाली, "काकू, श्वास सोडा ना, धरून काय ठेवलाय?"

रिपोर्ट बरे आले, कोलेस्टेरॉल तेवढं वर. डोळ्यांचं कारण नंतर डॉक्टरांनी सांगितलं. बीपीचा मार बारीक रक्तवाहिन्यांना बसतो आणि शरीर न उघडता त्या नुसत्या बघता येतात अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. हे आधी सांगितलं असतं तर एक रात्र वाचली असती माझी. असो. गोळी चालू आहे, आणि वर्षाची तपासणी जवळ आली की अजूनही पोटात गोळा येतोच.

तुमचं लिहा. सल्ले नकोत, अनुभव हवेत. (सल्ले येणार, माहीत आहे मला.)

शेवपोहे :
आपलं चोवीस तास बीपी मोजायचं मशीन झालेलं आहे भिया. डॉक्टरांपुढे बसलो की १६०, घरी १२६. ते म्हणाले हा पांढऱ्या कोटाला पाहून वाढणारा बीपी वाटतो, पण खात्री करू. दंडाला फुगणारा पट्टा, कमरेला डबा. दिवसा दर अर्ध्या तासाने फुगून राहिला. फुगला की हात सरळ ठेवायचा, हलवायचा नाही, आणि त्या दिवशी आंघोळ नाही.

पलासिया चौकात सिग्नलला उभा होतो आणि फुगला. तेवढ्यात सिग्नल हिरवा. मी पुतळा. मागून हॉर्नवर हॉर्न, "अबे चल ना!" त्या मिनिटाचं रीडिंग काय आलं असेल ते देवाला ठाऊक. रात्री बायको म्हणाली एक तर हे मशीन झोपेल नाहीतर मी. ती हॉलमध्ये गेली.

दिवसाची सरासरी १२८/८० निघाली. या मशीनवर दिवसा १३५/८५ च्या आत असलं तर ठीक धरतात असं कळलं. गोळी नाही लागली, पण घरी मोजत राहायला सांगितलंय, कारण अशांपैकी बऱ्याच जणांचा पुढे खराच वाढतो.

लष्करवाली :
शेवपोहे, पलासियाचं वाचून ऑफिसात हसले, साहेबांनी बघितलं. आता माझाही वाढला.

तुळसताई, बाबांचं वाचून कसंसंच झालं. आमच्या घरात आत्या तशी होती. तपासणीला जाताना माणूस स्वतःबरोबर कुणाकुणाला घेऊन जातो ना.

पेटीतला_पारा :
विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याने दाब मोजायची युक्ती रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरची, १८९६ सालची. त्यात फक्त वरचा आकडा नीट कळायचा. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकले, तेव्हा खालचाही आकडा मिळाला. ठोका ऐकू यायला लागतो तो वरचा, नाहीसा होतो तो खालचा. अजून "मिलिमीटर पारा" म्हणतो आपण, पारा यंत्रातून गेला तरी.

आता माझा अनुभव. माझा दंड जाड. एका ठिकाणी नेहमीचाच पट्टा ओढूनताणून बांधला, १५८ आला, आणि लगेच गोळ्यांची भाषा. दुसऱ्या डॉक्टरांनी मोठा पट्टा लावला, १३८. लहान पट्ट्याने आकडा उगाच चढतो. शिवाय पाच मिनिटं गप्प बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, लघवी करून आलेलं असणं हे सगळं पाहिजे. शिबिरात कोण करतो एवढं? माणूस चालत येतो, हाश्शहुश्श करत बसतो, मोजताना शेजाऱ्याशी गप्पा. बोललं तरी वाढतो हो.

गच्चीवरची_तुळस :
काका, सल्ले नकोत म्हटलं होतं :) पण जाड दंडाचं माहीत नव्हतं, नणंदेला सांगते.

उंबरठा :
पोळ्या करता करता लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

माझं बाळंतपणातलं. सातव्या महिन्यात १५०/१००. पाय सुजलेले. सासूबाई म्हणायच्या दिवसांत सुजतातच पाय, त्यांचं चूक नाही, बहुतेकींचे सुजतातच. पण डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी लघवीत प्रोटीन बघायच्या. नर्स पट्टी बुडवायची, रंग बघायची. मी पट्टी बघायचेच नाही, तिचा चेहरा बघायचे. एका दिवशी ती काही न बोलता आत गेली. तेवढ्यावरून कळलं मला. दाखल केलं, ३६व्या आठवड्यात सिझर.

मुलगी छान आहे, आत्ता मागे उभी राहून "आई काय टाईप करते" चाललंय तिचं. मला मात्र सांगून ठेवलंय की गरोदरपणात असं झालेल्या बायकांना पुढे बीपी व्हायची शक्यता जास्त असते, दर वर्षी बघत जा. जाते. पट्टा फुगायला लागला की अजून नर्सच्या तोंडाकडे नजर जाते. पोळी करपली, जाते

सुई_आणि_ट्यूब :
मी लॅबमध्ये आहे त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते. उंबरठाताई, खरं सांगू, आम्हाला चेहरा कोरा ठेवायला लागतो आणि कोरा चेहरा बघून लोक जास्त घाबरतात. हसलं तर "हसली म्हणजे काहीतरी लपवतेय". करायचं काय!

एक किस्सा. एका आजोबांचं पोटॅशियम खूप वर आलं. घरचे हादरले, मुलाने मुंबईहून तिकीट काढलं. आमच्या मॅडमनी परत रक्त मागवलं, नॉर्मल. पहिल्या ट्यूबमधल्या रक्तपेशी फुटल्या होत्या, पेशींमधलं पोटॅशियम बाहेर आलं की आकडा खोटा वाढतो. मुलगा तोवर गाडीत बसलेला. आजोबा मात्र खूश, दिवाळीला न येणारा मुलगा आला म्हणून.

शेवपोहे :
आजोबा पोहोचलेले आहेत.

सुपरकॉरिडॉर :
मी ३१. ऑफिसच्या चेकअपमध्ये १७० आला. तरुण वयात एवढा म्हणजे मागे काही कारण आहे का ते शोधतात. किडनीच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, थायरॉइड, हार्मोन्स, आणि चोवीस तासांची लघवी. ही शेवटची, किडनीच्या वर असते त्या अॅड्रीनल ग्रंथीवर गाठ आहे का बघायला. "गाठ" शब्द ऐकल्यावर पुढचं काही ऐकूच आलं नाही. गाडी पार्किंगमध्ये तशीच चालू ठेवून बसलो होतो किती तरी वेळ.

लघवीचा नियम असा की सकाळची पहिली टाकून द्यायची, मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिलीपर्यंत सगळी कॅनमध्ये. कॅन थंड जागी. आईला विचारलं फ्रिजमध्ये ठेवू का. आई म्हणाली, "माझ्या श्रीखंडाशेजारी?" शेवटी बाथरूममध्ये बर्फाची बादली. बाबा दर तासाला बर्फ बदलायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. आमच्या घरी काळजी अशीच असते.

गाठबीठ काही नाही. मग डॉक्टरांनी विचारलं घोरता का. रूममेट म्हणाला घोरतो? अख्ख्या विजयनगरला विचारा. झोपेची तपासणी झाली, झोपेत श्वास अडकतो असं निघालं, आणि त्याने बीपी वाढतो. आता नाकावर मास्क लावून झोपतो. गोळी आहेच, पण कमी मात्रेची. लग्नाच्या बायोडेटात मास्क लिहायचा की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत.

लष्करवाली :
लिही. घोरणं थांबलं असंही लिही, मुली रांग लावतील.

बडोदेकरीण :
ट्रेडमिलवाल्या तपासणीचं कुणी लिहिलं नाही? दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. मी कमाटीबागेत रोज चालणारी, मला वाटलं हे काय, सहज. तिसऱ्या टप्प्याला साडी नेसून आल्याचा पश्चात्ताप. छातीवर वायरी, वर पदर खोचलेला, बाजूला तरुण डॉक्टर "काकी हजी थोडुं, हजी थोडुं". मी त्याला मराठीत काय म्हणाले ते त्याला कळलं नसावं अशी आशा. त्याने मात्र उतरल्यावर विचारलं, "काकू, पाणी आणू?" दांडिया बाजारचा निघाला!

रिपोर्ट चांगला. पण धास्ती तपासणीपेक्षा आधीच्या कागदाची. सगळे धोके लिहिलेल्या त्या संमतीपत्रावर सही घेतात ना, तिथेच माझे ठोके शंभरावर.

साखरआंबा :
उद्या सकाळी माझं रक्त आणि डोळे दोन्ही आहे. पहिल्यांदाच. सगळं वाचलं, हसले पण, तरी हात गार पडलेत. सकाळची बीपीची गोळी घेऊन जायचं की न घेता? आणि पाणी चालतं का? घरी विचारायला कुणी नाही, मुलगा बंगलोरला.

सुई_आणि_ट्यूब :
साखरआंबा ताई, साधं पाणी प्या, भरपूर प्या, शीर लवकर सापडते. चहा नको. गोळीचं मी सांगणार नाही, लॅबच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नंबर असेल, आत्ता फोन करा, सात वाजेपर्यंत उचलतात बहुतेक. इतरांचं ऐकून बंद तर मुळीच करू नका. डोळ्यात थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही, त्यामुळे स्कूटी नको, गॉगल न्या, आधी रक्त देऊन काहीतरी खाऊन मग डोळ्यांकडे जा.

गच्चीवरची_तुळस :
साखरआंबा, कुठे राहतेस? अन्नपूर्णेच्या बाजूला असशील तर मी येते बरोबर. मला सकाळी काही काम नसतं. मेसेज कर.

साखरआंबा :
सुदामानगर!! करते मेसेज. डॉक्टरांशी बोलले, घ्यायला सांगितली गोळी घोटभर पाण्याबरोबर.

शेवपोहे :
रक्त देऊन झालं की पोहे-जलेबी. हा अनुभव आहे, सल्ला नाही.

पेटीतला_पारा :
पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला किती पडतो इंदूरात, ते पाहा आधी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणते. आपली एक प्लेट, वर पापड, जेवणात लोणचं, संध्याकाळी मित्राकडे नमकीन. नाही म्हणालं तर "क्या भिया, एक मुठ्ठी से क्या होता है".

उंबरठा :
पोळ्या झाल्या. जीरावनमध्ये साधं मीठ न घालता नुसतं काळं मीठ घातलं तर चालेल ना? घरी बीपीवाले दोघे आहेत आणि जीरावनाशिवाय पोह्याला हात लावत नाहीत.

सुई_आणि_ट्यूब :
काळं काय, सैंधव काय, सोडियम सगळ्यांत आहे.

उंबरठा :
म्हणजे जिरं, धणे, बडीशेप, सुंठ, आमचूर, लवंग, तिखट, आणि मीठ नाहीच?

लष्करवाली :
मग ते जीरावन नाही झालं, आमटीचा मसाला झाला.

शेवपोहे :
आमचूर दुप्पट टाका ताई, वरून लिंबू. आमच्याकडे तसंच चालू आहे, पहिल्या आठवड्यात शिव्या पडल्या, आता बायको पाहुण्यांनाही तेच देते.

उंबरठा :
लिंबू चाळीस रुपये पाव आहे हो सध्या!