टोरांटोची रिलीफ लाईन कुठून न्यायची? प्रोजेक्ट अडकलाय, मदत करा

जळगावचा_सिव्हिलवाला
नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, जळगावलाच. सरांनी मेट्रोच्या प्रोजेक्टसाठी शहरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, मित्राला नागपूर निघालं आणि माझ्या नशिबी टोरांटो. विषय असा की तिथली योंग लाईन, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणारी जुनी सबवे, सकाळी तुडुंब भरते, तिला हलकं करायला डाऊनटाऊनमधे नवीन लाईन टाकायचीय, मार्ग आपण ठरवायचा. मी काय केलं, जिथं ऑफिसं जास्त तिथून रेघ ओढली. किंग स्ट्रीटच्या खालून सरळ पूर्व-पश्चिम, कारण तिथली ५०४ नंबरची ट्राम सगळ्यात गर्दीची, म्हटलं गिऱ्हाईक तयारच आहे. सरांनी नकाशा बघितला आणि एवढंच बोलले, "लाईन छान आहे, पण यात रिलीफ कुठंय?" मंगळवारी परत दाखवायचंय. कोणाला यातलं कळत असेल तर सांगा राव, डोकं चालत नाहीये.

भुसावळ_यार्ड
सर बरोबर बोलले बेटा. टोरांटो मी बघितलेलं नाही पण उभी नोकरी गाड्या सोडण्यात गेली. आपल्याकडचंच बघ, मुंबईकडून लाईन येते, सुरतेची लाईन जळगावला येऊन मिळते, आणि भुसावळला एक फाटा खंडव्याकडे अन एक नागपूरकडे जातो. म्हणजे जळगाव-भुसावळ या २५ किलोमीटरच्या तुकड्यावर सगळ्यांचं ओझं. गाडी मधल्या भादली स्टेशनला उभी राहिली की लोक आम्हाला शिव्या घालायचे, पण पुढं जागाच नाही तर सोडणार कुठं? म्हणून तिसरी-चौथी लाईन आधी त्या तुकड्यात टाकली. तू गर्दी कुठं उतरते ते बघितलंस, गाडी कुठं तुंबते ते नाही बघितलं. टोरांटोची भादली शोध आधी.

अमळनेर_ते_ईस्टयॉर्क
नाना एक नंबर. मी राहतो तिथं, सांगतो भादली कुठंय ते. ब्लूर-योंग स्टेशन. योंग लाईन १९५४ ची, तेव्हा फक्त युनियन ते एग्लिंटन होती, मग १९६६ ला ब्लूर-डॅनफोर्थ ही पूर्व-पश्चिम लाईन आली आणि दोन्ही या ठिकाणी एकमेकींना कापतात. आता सकाळी काय होतं, उत्तरेकडून, १९७४ पासून तर पार फिंचपासून, गाडी भरून येते आणि पूर्वेकडचे सगळे लोक ब्लूरला उतरून त्याच भरलेल्या गाडीत घुसायला बघतात कारण सगळ्यांना खाली डाऊनटाऊनलाच जायचंय, मी स्वतः कित्येकदा दोन-दोन गाड्या सोडल्यात, बॅग छातीशी धरून उभं राहायचं आणि पुढच्या गाडीकडे आशेने बघायचं.

तुझी किंग स्ट्रीटची लाईन या भानगडीला हातच लावत नाही, ती ब्लूरच्या दक्षिणेला आहे. माणूस चेंगरून झाल्यावर तू त्याला दुसरी गाडी देतोयस. त्याला ब्लूरला पोचायच्या आधी उचलायला पाहिजे. म्हणून महापालिकेचा २०१६ चा मार्ग डॅनफोर्थवरच्या पेप स्टेशनपासून निघाला, दक्षिणेला उतरायचं, मग वळून क्वीन स्ट्रीटखालून क्वीन आणि ऑसगूड स्टेशनला जोडायचं. साडेसात किलोमीटरच्या आसपास, आठ स्टेशनं.

धुळेकर_वाट_पाहतोय
म्हणजे बायपास. गावाबाहेर पाळधीला गाडी वळवली तर जळगावात कोंडी कमी, गावातल्या आकाशवाणी चौकात आल्यावर वळवून काय उपेग. सोप्पं आहे, एवढं काय लिहायचं.
बाकी तुमचं चालू द्या भो, आमची मनमाड-इंदूर ३०९ किलोमीटरची लाईन २०२४ ला मंजूर झाली, आमच्या आज्यापासून ऐकतोय. धुळ्यात बसून टोरांटोच्या गर्दीचं ऐकायलाही गंमत वाटते.

अमळनेर_ते_ईस्टयॉर्क
भाऊ, वाट पाहण्यात टोरांटो पण कमी नाही. क्वीनखालच्या सबवेला लोकांनी १९४६ ला मतदान करून हो म्हटलं होतं, क्वीन स्टेशनच्या खाली तिचा सांगाडाही बांधून ठेवला आणि तो तसाच पडून राहिला. १९८५ च्या प्लॅनमधे रिलीफ लाईन होती, तीही बारगळली.

पण बायपास म्हणू नका. बायपास त्याच्यासाठी ज्याला गावात यायचंच नाही. इथं प्रत्येकाला गावातच यायचंय, म्हणून दुसरं टोक पण तेवढंच महत्त्वाचं, जुनी लाईन जिथं सोडते त्याच्या चालत्या अंतरावर नवीन लाईनने सोडलं पाहिजे, नाहीतर लोक मुकाट ब्लूरला जाऊन चेंगरतील. किंग का क्वीन हा वाद त्याच्यावरूनच. ऑफिसं किंगला जास्त, पण क्वीनहून किंग पाच-सात मिनिटं चालत, आणि क्वीनला सिटी हॉल आहे शिवाय योंग लाईन युनियनला यू आकारात वळून परत वर जाते, तिच्या दोन्ही पायांना, म्हणजे क्वीन आणि ऑसगूडला, जोड मिळते. माझं मत विचारशील तर क्वीन ठीक आहे, भांडण फुकट वाढवलं.

जळगावचा_सिव्हिलवाला
आत्ता डोक्यात शिरलं!! म्हणजे पेप ते ऑसगूड काढलं की झालं ना?

रावेरची_केळी
नाही झालं. दादा म्हणाला ना की उत्तरेकडून येणारी गाडी आधीच भरलेली असते. पेपपासूनच्या लाईनने पूर्वेचे लोक वाचतील, फिंच-एग्लिंटनवाल्यांचं काय? त्यांच्यासाठी ती अजून वर गेली पाहिजे. आणि योंग लाईन उत्तरेच्या रिचमंड हिल गावापर्यंत वाढवायचं ठरलंय, म्हणजे अजून माणसं भरणार, म्हणून तर महापालिका म्हणत होती की आधी रिलीफ मग ती. २०१९ ला प्रांत सरकारने महापालिकेचा प्लॅन बाजूला ठेवून ओंटारियो लाईन काढली ती वर एग्लिंटन-डॉन मिल्सपर्यंत नेली आणि पश्चिमेला एक्झिबिशनपर्यंत, १५.६ किलोमीटर, १५ स्टेशनं. (मी पण प्लॅनिंगच शिकलेय, तुझ्या सरांसारखे सर आम्हाला असते तर.)

अजून एक, मधे डॉन नदीची दरी आहे. बोगदा नेला तर खूप खोल जातो, मग स्टेशनंही खोल, आणि गाडी बदलायला जिनेच उतरत बसलं तर कोण बदलेल? ओंटारियो लाईन नदीवरून पुलाने जाते, लेस्लीव्हिल वस्तीकडे रेल्वेच्या रुळांशेजारून जमिनीवरून. पैसे वाचतात पण तिथले लोक चिडले, आमच्या दारातून नको म्हणून. जुन्या प्लॅनमधेही पेप स्ट्रीटवाल्यांनी ओरड केल्यावर थोडा तुकडा शेजारच्या कार्लॉ रस्त्याखाली सरकवला होता. कागदावर रेघ सरळ असते, गल्लीत नसते.

भुसावळ_यार्ड
छान चाललंय. आता मला एक सांग बेटा, रात्री तुझ्या गाड्या झोपणार कुठं?

जळगावचा_सिव्हिलवाला
नाना म्हणजे?

अमळनेर_ते_ईस्टयॉर्क
नानांनी बरोबर पकडलं 😄 यार्ड! जुन्या प्लॅनमधे प्रश्न नव्हता, गाड्या जुन्याच ग्रीनवुड यार्डात गेल्या असत्या. पण टोरांटोच्या सबवेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४९५ मिलिमीटर, जगावेगळा, आणि ओंटारियो लाईनचा साधा १४३५. जुन्या रुळावर चढताच येत नाही. मग थॉर्नक्लिफ पार्क नावाच्या वस्तीत नवीन यार्ड, तिथल्या दुकानवाल्यांना हलवलं, त्यावरून मोर्चे-बिर्चे.

भुसावळ_यार्ड
म्हणजे आपली पाचोरा-जामनेरची नॅरोगेज पीजे. पाचोऱ्याला शेजारी मोठी लाईन दिसायची, पण तिच्यावर चढायची सोय नाही. छोट्या गाडीचं सगळं वेगळं, इंजिन वेगळं, शेड वेगळं. आधी गेज ठरव, मग यार्डाला जागा बघ, मग स्टेशनं मोज.

जळगावचा_सिव्हिलवाला
नाना मी तर यार्ड काढलंच नाहीये. स्टेशनांना रंग पण देऊन झाले माझे.

धुळेकर_वाट_पाहतोय
मंगळवारपर्यंत टाईम शे ना भो, खोडरबर घे.